यादव आबांची फाशी

फाशीच्या शिक्षेविरुद्ध बोलायला पोरांना तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं, ते माझ्या तोंडामुळे. धुळ्यातल्या मुलींच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे. मुली माझ्यामागे मला लवंगी मिरची म्हणत, आणि मला ते कळतं हे त्यांनाही कळत होतं. १९९०च्या हिवाळ्यात, फाशीची शिक्षा बंद व्हावी म्हणून झटणाऱ्या आमच्या मंडळाने ठरवलं, की तरुण पोरापोरींची एक सायकल फेरी काढायची. यावलपासून निघायचं, गावोगाव थांबायचं, आणि सरकारने माणसाला फासावर देऊ नये हे लोकांना समजावत शिंदखेड्यापर्यंत जायचं. कायदा शिकवायला दोन वकील तयार झाले. लोक अंगावर आले तर काय करायचं, हे शिकवायला मात्र कोणी पुढे येईना. मग कोणीतरी म्हणालं, "कलाबाईंना विचारा, त्यांच्या अंगावर अजून कोणी आलेलं नाही."

मी हो म्हटलं. मला राग पटकन येतो, पण पोरं आवडतात.

पहिल्याच दिवशी मी वकिलांची टिपणं बाजूला ठेवायला लावली. पारावर बसलेल्या माणसाला कलमं सांगितली की तो तंबाखू मळायला लागतो. तो एकच विचारणार, "तुझ्या बहिणीला कोणी मारलं असतं तर?" त्याला उत्तर देता आलं पाहिजे, आणि देताना त्याचं दुःख खोटं ठरवायचं नाही. मग मी त्यांना सरळ एस.टी.त बसवलं. धुळे ते शिंदखेडा, प्रत्येकाने शेजारच्या प्रवाशाशी बोलायचं. यंत्रमागावर काम करणाऱ्या इसाकभाईंचा मुलगा नजीर थेट कंडक्टरच्या मागे लागला. कंडक्टरला सगळं पटलं, स्टँडवर त्याने नजीरला चहाही पाजला, पण तिकीट मात्र पुरतं फाडलं. दुसऱ्या एका पोराच्या शेजारची म्हातारी सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "बठ्ठं खरं शे रे भाऊ, पन तू जेवना का?" परत येताना पोरं इतकी हसत होती की ड्रायव्हरने गाडी थांबवून काय झालं ते विचारलं.

माझा एक नियम होता, आणि त्यावरून मंडळात माझं बरंच वाजलं. फेरीवर जायचं तर आधी घरातलं एक वडीलधारं माणूस पटवायचं. तेही असं, की ज्याला फाशी हवीच असं वाटतं. त्या माणसाने फेरीच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून 'मला पटलं' म्हणायचं. ज्याचं माणूस म्हणणार नाही, त्याने मागे राहून फलक रंगवायचे. परक्या गावात जाऊन शहाणपण शिकवणं सोपं असतं. घरात आपल्याला कोणी हिंग लावून विचारत नाही, खरी परीक्षा तिथेच होते.

नजीरने दुसऱ्याच दिवशी आपल्या आजीला आणलं. हुस्नबानो दादींना अजिबात ऐकू येत नव्हतं. मी काहीही विचारलं तरी त्या प्रेमाने "हां बेटा, बिलकुल" म्हणायच्या. शेवटी मी विचारलं, "दादी, नजीरला फासावर द्यायचं का?" त्या म्हणाल्या, "हां बेटा, बिलकुल." नजीरने मान खाली घातली आणि इसाकभाईंना पटवायला घरी गेला.

मला खरी काळजी होती ती विशाखाची. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बोलायला उभी राहिली की मागच्या बाकावरची कुजबुज आपोआप थांबायची. या फेरीसाठी ती सायकल शिकली होती आणि दोन्ही गुडघे फोडून घेतले होते. पण तिच्या घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे यादव आबा.

यादव आबा तिचे वडील, जेलमधून निवृत्त झालेले हवालदार. गल्लीत त्यांना सगळे फाशीवाले आबा म्हणत. तरुणपणी त्यांची नेमणूक बाहेरच्या एका मोठ्या जेलात झाली होती, फाशीच्या कोठडीवर. तिथल्या एका कैद्याच्या फाशीची गोष्ट त्यांनी गल्लीतल्या झाडून सगळ्यांना सांगितली होती. पाहुणा आला, हातात कपबशी आली, की आबा मिशीवरून हात फिरवून सुरू करत. पहाटेची वेळ, चहूकडे चिडीचूप, कैद्याला हाक मारली, तो न डगमगता उठला, आबांनी त्याचा दंड धरला. फळीवर उभं राहून तो म्हणाला, "हवालदारसाहेब, मना मायले सांगज्यात, पोऱ्या हासत गया." इथे आबा थांबत. पाहुण्याचा चहा घशात अडकलेला असे. कैद्याचं नाव मात्र ते कधी सांगत नसत, जेलाचा नियम आहे म्हणत.

ही गोष्ट मीही त्यांच्या अंगणात बसून ऐकली. विशाखानेच मला नेलं होतं. गोष्ट संपली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

बाहेर पडल्यावर विशाखा कोपऱ्यापर्यंत माझ्यासोबत आली. "बाई, मी लहान होते तेव्हा आबा ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचे, आणि मी आत पिठाच्या डब्यामागे बसून रडायचे," ती म्हणाली. "तो कसा दिसत असेल, त्याच्या आईला कोणी निरोप दिला असेल का, हेच डोक्यात यायचं. त्याने काय केलं होतं तेसुद्धा मला माहीत नाही. पण इतकी वर्षं मी त्याच्यासाठी रडतेय. वकिलांचं ऐकून नाही आले मी तुमच्याकडे, त्याच्यासाठी आले."

मला इतकं भरून आलं की नियम गुंडाळून ठेवावा असं वाटलं. मी तसं म्हणूनही दाखवलं. तीच नको म्हणाली.

"आबांशी भांडून गेले तर गावोगाव काय सांगू? मला त्यांनी स्वतः पाठवायला पाहिजे."

त्यानंतरचे आठ-दहा दिवस त्या घरात काय चाललं होतं ते मला रोज कळत होतं. विशाखा भाषण करायची आणि आबा खाटेवर बसून ऐकायचे. मध्येच म्हणायचे, "मान ताठ ठेव. हात मागे नको बांधू, आरोपी वाटतेस." भाषण संपलं की म्हणायचे, "छान बोललीस. पण फाशी पाहिजेच." एकदा तिने त्यांना बरोबर पकडलं असं तिला वाटलं. ती म्हणाली, "आबा, रोज सकाळी तुम्ही पंचशील म्हणता. त्यात पहिलं काय आहे? जीवहत्या करणार नाही."

आबा म्हणाले, "ते मी म्हणतो. सरकार कुठे म्हणतं?"

आणि सगळ्यांवर कडी म्हणून त्यांचा शेवटचा पत्ता ठरलेला असे: "तू पुस्तकात वाचलंस, बेटा. मी डोळ्यांनी पाहिलंय." कायदा शिकवणारे आमचे वकीलसुद्धा त्यांच्याकडून कपाळ पुसत परत आले.

फेरीच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे यावलजवळ लीलाधरभाऊंच्या मळ्यात जमलो. लीलाधरभाऊ आमच्या मंडळाचे जुने सभासद, केळीचे बागायतदार. पोरांच्या घरची मंडळी धुळ्याहून एवढ्या लांब येतील का, अशी मला शंका होती. पण मी निरोपातच भरिताचा कार्यक्रम आहे असं कळवलं होतं, आणि एकही घर मागे राहिलं नाही. खानदेशात फाशीच्या बाजूची माणसं असतात आणि विरुद्धचीही असतात, भरिताच्या विरुद्ध मात्र कोणी सापडत नाही.

केळीच्या बागेच्या कडेला मोकळ्या जागेत सतरंज्या घातल्या होत्या. थोडं पलीकडे तुरीच्या काड्यांचा जाळ करून हिरवी, लांबलचक वांगी भाजायला टाकली होती. बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या, पोरी कांद्याची पात चिरत होत्या. वांगी भाजणारा म्हातारा डोक्याला, तोंडाला फडकं गुंडाळून धुरात पाठमोरा बसला होता. एकेक वांगं चिमट्याने असं हळुवार फिरवत होता, की मी लीलाधरभाऊंना विचारलं, हा कोण?

"भिकन," ते हळूच म्हणाले. "मूळचा शिंदखेड्याकडचा. तरुणपणी बांधाच्या भांडणात सख्ख्या चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. फाशी झाली होती याला, मग तिची जन्मठेप झाली. सुटला तसा माझ्याकडे आहे. गावात राहायला कोणत्या तोंडाने जाऊ म्हणतो."

मी हातातलं टाकून त्याच्याकडे गेले. आमच्या पोरांनी फाशीबद्दल सगळं ऐकलं होतं, पण फाशीतून सुटलेला माणूस एकानेही पाहिला नव्हता. मी म्हटलं, "नाना, आमच्या पोरांशी दोन शब्द बोलाल का?"

त्याने जाळावरची नजर काढली नाही. "नही ताई. मी माणूस मारेल शे. मी काय भाषन करू? मी वांगा भाजस, त्या चांगला भाजस."

मला त्याला आग्रह करवेना. मी परत सतरंजीवर येऊन बसले आणि कार्यक्रम सुरू केला.

एकेक वडीलधारं माणूस उभं राहत होतं. कोणी मनापासून पटलं म्हणालं, कोणी लेकीच्या तोंडाकडे बघून म्हणालं. इसाकभाई म्हणाले, "मला अर्धं पटलंय. नजीरला अर्ध्या रस्त्यापर्यंत न्या, तोवर उरलेलं पटवेल तो." सगळे हसले आणि मी नजीरला मंजुरी दिली. मग यादव आबांची पाळी आली. विशाखा समोरच बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत.

आबा उभे राहिले. अंगात निवृत्तीच्या दिवशीचा कोट, डोक्यावर टोपी. ते म्हणाले, "पोरगी माझी हुशार आहे. तिच्यासारखं बोलणारं या मळ्यात दुसरं कोणी नाही. पण मी कोठडीवर उभा राहिलेला माणूस आहे. आधी माझी गोष्ट ऐका, मग मला पटलं की नाही ते विचारा."

विशाखाने डोळे मिटून घेतले. तिने त्या क्षणी फलक रंगवायची तयारी केली असणार.

आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि सुरुवात केली. मला ती गोष्ट पाठ होती, तरी मी ऐकत राहिले, कारण माणूस सांगतोच तशी. पहाट झाली, सगळं चिडीचूप झालं, कैदी न डगमगता उठला. भाकरी थापणाऱ्या बायकांचे हात थांबले. आबांनी त्याचा दंड धरला, त्याला फळीवर नेलं. एवढ्यात करपल्याचा वास आला. लीलाधरभाऊ ओरडले, "अरे भिकन, वांगी जळून राह्यली ना."

भिकन जाळापाशी नव्हता. चिमटा हातात तसाच धरून तो सतरंजीच्या कडेला येऊन उभा होता. आबा आपल्याच नादात सांगत होते, "आणि तो मला म्हणाला, हवालदारसाहेब, मना मायले सांगज्यात, पोऱ्या हासत गया."

भिकनने तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"साहेब," तो म्हणाला, "मी मरनू कव्हय?"

आबांचा हात मिशीवरच राहिला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "भिक्या?"

"हा साहेब. मीच."

आबा सतरंजीवर बसले. भिकन त्यांच्यापुढे उकिडवा बसला. त्याला कोणाची फजिती करायची नव्हती, चेहराच सांगत होता. गोष्टीत चूक राहू नये एवढीच त्याची इच्छा दिसली. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "पहाट कसानी? फाशीना आदला दिन, दुपारले तार उनी. फाशी रद्द. मी हासनू नही काई, मी खाले बसी गऊ. आनि ह्या साहेब माले मिठी मारीसन मनापेक्षा जास्ती रडनात. मंग जिलबी आनी त्यासनी. आम्ही दोन्हीजन भितडाले टेकीसन खाधी."

मला राग आला. माझा राग असाच, वेळकाळ बघत नाही. म्हटलं या माणसाने एवढी वर्षं अख्खी गल्ली घाबरवली, स्वतःच्या पोरीला डब्यामागे रडवलं, आणि याने कोठडीत बसून जिलबी खाल्ली? मी म्हणाले, "आबा, हे काय ऐकतेय मी?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बाई, घरी परत आलो तेव्हा मी खरीच सांगायचो. दोघातिघांना सांगून पाहिली. फाशी रद्द झाली म्हटलं की माणसं चहा संपवून उठून जायची. एकदा सहज झाली म्हणालो, तर पाहुणा रात्री जेवूनच गेला. मग काय, तीच चालू राहिली."

पहिले हसले ते इसाकभाई. ते हसले तसा सगळा मळा हसायला लागला. भाकरी थापणाऱ्या बायका पिठाच्या हातांनी डोळे पुसत होत्या. हुस्नबानो दादींना काही कळलं नव्हतं, त्याही "बिलकुल, बिलकुल" म्हणत हसत होत्या. आबा आधी खजील झाले, मग त्यांनाच हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी भिकनच्या खांद्यावर हात टाकला. मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही.

एकटी विशाखा हसत नव्हती. ती उठून भिकनजवळ आली, त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचा चेहरा, पिकलेल्या भुवया, गालाला लागलेली काजळी, सगळं ती डोळ्यांनी वाचत होती.

"नाना, तुमची आई?" तिने विचारलं.

"भेटनी ना माले," भिकन म्हणाला. "मी सुटनू तव्हय व्हती ती. थकी गयी व्हती, पन व्हती. मना हातनं जेवनी."

विशाखाने त्याचा काजळीचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिला रडू कोसळलं. ती रडत होती आणि तिच्या तोंडावर इतकं हसू होतं, की बघणाऱ्याला काय करावं ते कळेना. भिकन घाबरला. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. आबांनी त्याला सांगितलं, "रडू दे. ती लहानपणापासून तुझ्यासाठी रडतेय. आज शेवटचं." मग ते माझ्याकडे वळले. मी काही विचारायच्या आत ते टोपी घालून, जेलात हजेरीला उभे राहतात तसे ताठ उभे राहिले.

"कलाबाई, तुमच्या नियमाप्रमाणे सांगतो. मला पटलं. ती तार आली तेव्हाच पटलं होतं, पण फाशीवाले आबा झाल्यावर बोलायची सोय राहिली नाही." घसा खाकरून ते पुढे म्हणाले, "आणि उद्या या फेरीत मीही येणार. सायकल जमणार नाही, एस.टी.ने पुढच्या गावी जाऊन थांबेन. पोरगी चांगलं बोलते, पण तिला जिलबीचं काय माहीत? ते सांगायला मीच पाहिजे."

"लोक उठून गेले तर?" मी विचारलं.

"जाऊ देत. आता भिक्या शेजारी बसेल. बसशील ना रे?"

भिकनने जाळाकडे पाहिलं, मग पोरांकडे. "बससू साहेब," तो म्हणाला. "भाषन नही करावू. तुम्ही चुकनात ते सांगसू."

वांगी चांगलीच करपली होती. लीलाधरभाऊ हळहळत होते, पण पोरांनी काळं काळं काढून टाकलं, काठवटीत वांगी ठेचली, वर मिरची आणि पात घातली आणि कच्च्या तेलाची धार सोडली. केळीची पानं मांडली गेली. भिकन सवयीने सगळ्यांना वाढायला उठला, तर विशाखाने त्याला दंडाला धरून पंगतीत बसवलं, आबांच्या शेजारी. पहिलं पान त्याचं वाढलं, भाकरी मोडून दिली, भरिताचा मोठा गोळा घातला. त्याने नको नको म्हणत पहिला घास तोंडात घातला. ती पुढे सरकलीच नाही. तिच्यामागे पंगत खोळंबली होती, नजीर हातात रिकामं पान घेऊन उभा होता, आणि मी ओरडायच्या बेतात होते.

भिकन संकोचून म्हणाला, "बाय, तूबी बस ना जेवाले."

"तुम्ही जेवा, नाना," विशाखा म्हणाली. "माले देखू द्या."